बांधापलीकडचं तणनाशक आणि परसातली भाजी

वाचकांचे प्रश्न : परसबाग

प्रश्न (पलूस तालुका) : मळ्यातल्या घरामागे दोन गुंठ्यांत भाजीपाला आहे. पश्चिमेच्या बांधाला शेजाऱ्यांचा सुरू ऊस (डिसेंबर ते फेब्रुवारीत लावलेला). त्यांनी तणनाशक मारलं आणि दोन-तीन दिवसांत आमच्या टोमॅटोचे शेंडे पिळवटले. आता भेंडीची नवी पानंही बोटांसारखी चिरलेली येतात. शेजारी म्हणतात, हा व्हायरस आहे. नक्की काय समजायचं?

उत्तर : आधी कांद्या-लसणाच्या वाफ्याकडे बघा. उसात रुंद पानांच्या तणासाठी बहुतेक जण २,४-डी (बोलीत टू-फोर-डी) मारतात. ते रुंद पानांच्या झाडांना वाकवतं. कांदा, लसूण, मका, गवती चहा यांना सहसा धक्का लागत नाही. टोमॅटो, भेंडी, वांगी, मिरची, घेवडा, दोडका असे सगळे एकाच वेळी वाकडे झाले आणि शेजारचा कांदा सरळ उभा असेल, तर संशय तणनाशकावरच घ्यायचा.

व्हायरस असा वागत नाही. पांढऱ्या माशीतून येणारा टोमॅटोचा पर्णगुच्छ (पानं वळून गोळा होण्याचा रोग) आधी चार-दोन झाडांवर दिसतो आणि दिवसागणिक वाढतो. तो भेंडीवर आणि दोडक्यावर एकाच तारखेला उतरत नाही. मिरचीचा बोकड्या (पानं आकसणं) फुलकिड्यांनी किंवा कोळी किडीने येतो. पान उलटं करून भिंगाखाली धरलं की कीड दिसते.

दुसरी खूण दिशेची. बांधाकडच्या ओळी जास्त वाकड्या आणि घराकडे येताना इजा कमी होत गेलेली, हा वाऱ्याने आलेल्या औषधाचा माग. बांधावरचं गाजरगवत आणि माठही वाकलेला असेल, तर वादाला फारशी जागा उरत नाही.

औषध दुसरं असेल तर खुणा वेगळ्या. पॅराक्वाटचे थेंब पडतील तिथे एका दिवसात करपट ठिपके येतात, पण नवी पानं स्वच्छ फुटतात. ग्लायफोसेटची इजा आठवड्याने कळते : कोवळी पानं बुडाकडून पिवळी-पांढरी आणि बारीक येतात. हे औषध गवतवर्गालाही सोडत नाही, म्हणून कांदा-मक्याची खूण इथे चालत नाही. अॅट्राझिन किंवा मेट्रिब्युझिनने जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून जळतात.

फोटो काढायचे तर आजच, तारखेसह, आणि एक फोटो असा की ज्यात बांध, ऊस आणि तुमचा वाफा एकत्र दिसेल. औषधाच्या डब्याचं लेबलही बघायला मागा. पुढे तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रात जायची वेळ आली, तर पहिला प्रश्न औषधाच्या नावाचा येईल.

प्रश्न (वरीलच वाचक) : झाडं वाचतील का? भाजी खावी का?

उत्तर : फवारा येताना दिसला तर पहिल्या तासाभरात साध्या पाण्याने पानं धुणं उपयोगी पडतं. दुसऱ्या दिवशी धुऊन काही होत नाही, आणि पॅराक्वाटला तर तासाभराचाही अवधी नसतो. टॉनिक, युरिया, कीटकनाशक काही मारू नका. त्रासलेल्या झाडावर तो आणखी एक ताण. नेहमीचं पाणी द्या आणि दोन-तीन आठवडे थांबा. पिळवटलेलं पान सरळ होत नाही. शेंड्याला येणारं नवं पान हळूहळू नीट दिसू लागलं तर झाड सावरतंय. तीन आठवड्यांनीही शेंडा गोळा झालेलाच असेल किंवा खोड तडकलं असेल, तर उपटा.

खाण्याबाबत आम्ही कडक आहोत. मेथी, पालक, कोथिंबीर यांवर फवारा आला असेल तर काढून टाका. या भाज्यांवर त्या औषधाची शिफारसच नसते, म्हणून काढणीआधी किती दिवस थांबायचं याचा आकडा लेबलवर सापडणार नाही. त्या वेळी झाडावर असलेली टोमॅटो-भेंडीही नको. उपटलेलं जनावरांना घालू नका आणि कंपोस्टच्या खड्ड्यातही टाकू नका.

पुन्हा लावण्याआधी जमिनीची परीक्षा घरी करता येते. दोन कुंड्या घ्या : एकीत वाफ्याची वरची चार बोटं माती, दुसरीत लांबून आणलेली चांगली माती. दोन्हींत घेवड्याच्या पाच-पाच बिया टोका. दोन आठवड्यांनी दोन्हीकडची पानं सारखी असतील तर लावणीला हरकत नाही. २,४-डी उबदार, ओलसर जमिनीत साधारण महिन्याभरात बरंच विरतं. कोरड्या जमिनीत रेंगाळतं.

प्रश्न (कराड) : बांधाला पत्रे उभे करावेत की हिरवी शेडनेट? किती उंच?

उत्तर : पत्रा नको. वारा पत्र्यावर आपटून वर चढतो आणि पलीकडे भोवरा घेऊन खाली येतो. त्यातले बारीक थेंब नेमके तुमच्या वाफ्यावर पडतात. निम्मा वारा जाऊ देणारा अडसर बरा. ५० टक्क्यांची शेडनेट बांबूला ताणून बांधा आणि खाली जमिनीला टेकवा. उंची निदान दोन मीटर. वाऱ्याचा जोर अडसराच्या उंचीच्या पाचपट अंतरापर्यंत चांगला कमी होतो, म्हणजे दोन मीटरच्या जाळीमागे सुमारे दहा मीटर.

त्याहून स्वस्त आणि आमच्या आवडीचा उपाय म्हणजे बांधाच्या कडेला कडवळ (चाऱ्याची ज्वारी) किंवा चाऱ्याचा मका, दाट, तीन ओळी. गवतवर्गातले असल्याने २,४-डीला ते दाद देत नाहीत आणि अरुंद पानांवर थेंब झेलतात. फक्त वेळ सांभाळा : शेजाऱ्यांच्या फवारणीवेळी ते छातीएवढे हवेत, म्हणजे दीड-दोन महिने आधी पेरा. असं थेंब झेललेलं कडवळ जनावरांना घालू नका. शेवग्याची रांग दिसायला छान, पण खालून उघडी; तिचा उपयोग नाही.

बांधालगतच्या पट्ट्यात कांदा-लसूण, आणि टोमॅटो-भेंडी घराच्या बाजूला. सुरू उसाची लागण १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. पहिलं तणनाशक लागणीनंतर तीन-पाच दिवसांत ओल्या सरीवर, दुसरं महिन्या-दीड महिन्याने तण उगवल्यावर. २,४-डीचा धोका मुख्यतः दुसऱ्या फेरीत. लागणीची तारीख विचारून ठेवली तर टोमॅटोची रोपं त्या फेरीनंतर लावता येतात.

प्रश्न (वाळवा तालुका) : शेजारी आमचे चुलत दीर आहेत, ऐकून घेतात. त्यांना नेमकं काय सांगू?

उत्तर : भावजींना तीन गोष्टी सांगा, तणनाशक मारू नका असं म्हणायची गरज नाही.

पहिली, नोझल. कीटकनाशकाचं गोल फवाऱ्याचं नोझल धुकं करतं. तणनाशकाला पसरट फवाऱ्याचं नोझल (फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट), दाब कमी, नोझल तणापासून दीड फुटावर, आणि वर प्लॅस्टिकचा हूड म्हणजे टोपी. थेंब दशांश मिलिमीटरचा असेल तर तो सेकंदाला जेमतेम पाऊण-एक फूट खाली येतो. कमरेएवढ्या उंचीवरून सुटला आणि वारा ताशी १० किलोमीटर असेल, तर आठ-दहा मीटर वाहत जातो. थेंब मोठा आणि नोझल खाली, तर तो सरीतच पडतो.

दुसरी, वेळ. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा नको. पण पहाटेचा अगदी स्तब्ध गारवाही फसवा असतो : चुलीचा धूर वर न जाता शेतावर आडवा पसरतो, तसंच बारीक धुकं पसरतं. सूर्य वर येऊन धूर सरळ चढू लागला, तोंडाला मंद वारा लागतो आणि तो तुमच्या घराकडे येत नाही, ती वेळ योग्य. धूळ उडायला लागली की पंप खाली ठेवायचा.

तिसरी, औषधाचा प्रकार. २,४-डीचं ईथाइल एस्टर उन्हात वाफ होऊन फवारणीनंतरही वाहतं. अमाइन किंवा सोडियम क्षार तेवढं उडत नाही. दुकानात हे शब्द उच्चारून मागावं लागतं. तुमच्या बांधालगतच्या दोन-तीन सऱ्या खुरप्याने भांगलल्या, तर त्याहून उत्तम. त्या दिवसाची मजुरी तुम्ही देऊ केलीत तर बोलणं आणखी सोपं होईल.

प्रश्न (कोरेगाव) : आसपास कुणीच फवारलं नाही, तरी मिरची वाकडी झाली. दोन दिवस आधी निंबोळी अर्क मारला होता.

उत्तर : पंप कुणाचा होता? उसने आणलेले पंप हे नेहमीचं कारण. २,४-डी रबरी नळीत आणि वॉशरमध्ये मुरतं, नुसत्या विसळण्याने जात नाही. तीनदा धुवा, मग १५ लिटर पाण्यात १५० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून नळी-नोझलमधून थोडं सोडा, उरलेलं रात्रभर पंपात ठेवा आणि सकाळी पुन्हा दोनदा धुवा. धुवण विहीर, ओढा आणि वाफ्यांपासून लांब पडीक जागी ओता. भाजीसाठी मात्र स्वतःचा वेगळा पंप घ्या आणि त्यावर रंगाचा पट्टा मारा.