हायबरनेट असताना एसक्यूएल कशाला?

प्रश्न : सोलापुरातील चाटी गल्लीतल्या एका घाऊक कापड व्यापाऱ्यासाठी मी जावामध्ये बिलांचा प्रोग्राम लिहीत आहे. हायबरनेट ही जावाची लायब्ररी वापरली की एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेची, गरज उरत नाही, असे मित्र म्हणतो. पण बिलांची यादी फारच सावकाश उघडते. असे का होते?

उत्तर : मित्राचे म्हणणे अर्धेच खरे आहे. जावामध्ये बिलाच्या ऑब्जेक्टमधून, म्हणजे प्रोग्राममधील बिलाच्या माहितीच्या एककातून, थेट ग्राहकाच्या ऑब्जेक्टपर्यंत जाता येते. डेटाबेसमध्ये मात्र बिलाच्या टेबलात ग्राहकाचा केवळ क्रमांक, म्हणजे फॉरेन की, असते. या दोहोंची सांगड घालून नोंदी घालण्या-बदलण्याच्या इन्सर्ट-अपडेट आज्ञा लिहिण्याचे कंटाळवाणे काम ओआरएम, म्हणजे ऑब्जेक्ट आणि टेबले जोडणारे सॉफ्टवेअर, करते. गेव्हिन किंग यांनी २००१ मध्ये सुरू केलेले हायबरनेट त्यासाठीच नावारूपाला आले, आणि २००६ मध्ये जेपीए हे जावातील ओआरएमचे सामाईक प्रमाण ठरले. ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकत्रच पक्क्या होणाऱ्या कामांच्या गटात, वाचून आणलेल्या बिलाची रक्कम बदलली, तर वेगळे काही न सांगताही कमिटच्या, म्हणजे बदल पक्के होण्याच्या, आधी अपडेट डेटाबेसकडे जाते. ही सोय खरोखर मोठी आहे.

मात्र डेटाबेसकडे शेवटी एसक्यूएलच जाते. 'शो एसक्यूएल' ही सेटिंग चालू करून यादी उघडा. बहुधा असे दिसेल : १०० बिले आणण्यासाठी एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला एक प्रश्न, आणि नंतर प्रत्येक बिलातील मालाच्या ओळी, म्हणजे चादरी, टॉवेल, नग, दर, आणण्यासाठी एकेक; एकूण १०१. एका बिलाच्या अनेक ओळी, हे 'वन-टू-मेनी' नाते मुळात लेझी असते, म्हणजे ओळी लागतील तेव्हाच आणल्या जातात; त्यामुळे लूपमध्ये बिलाच्या ओळींना हात लागताच नवी क्वेरी सुटते. यावर उपाय म्हणून अनेक जण ते ईगर, म्हणजे ओळी लगेच आणणारे, करून टाकतात. पण जेपीक्यूएलने, म्हणजे जेपीएच्या क्वेरी-भाषेने, यादी आणताना त्या जादा क्वेरी तशाच राहतात, शिवाय जिथे ओळी नको असतात तिथेही त्या येऊ लागतात. नाते लेझीच ठेवून केवळ याच क्वेरीत 'जॉइन फेच', म्हणजे बिलांसोबतच ओळी आणण्याची सूचना, लिहावे, हे बरे. त्यासोबत पानांची मर्यादा, म्हणजे एका वेळी ठरावीकच बिले आणण्याची अट, मात्र घालू नका, कारण तेव्हा हायबरनेट सगळ्या ओळी मेमरीत आणून मग पाने पाडते. यादीत फक्त ग्राहक आणि एकूण रक्कम दाखवायची असेल, तर मालाच्या ओळी आणूच नयेत.

महिन्याच्या विक्रीच्या बेरजेसाठी तर हजारो ऑब्जेक्ट उभे करणे व्यर्थ आहे. तिथे बेरीज करणारे 'सम' आणि गट पाडणारे 'ग्रुप बाय' असलेली साधी एसक्यूएल क्वेरी लिहावी, आणि हायबरनेटमधून तीही चालवता येते.