टॅबचा दमसास

प्रश्न : मी टॅबवर ॲनिमेशन शिकते. तीन महिन्यांपूर्वी नवा टॅब घेतला. घेण्याआधी बेंचमार्कचे, म्हणजे वेगाच्या चाचण्यांचे, स्कोअर ताडून पाहिले होते. मैत्रिणीच्या जुन्या टॅबपेक्षा माझ्या टॅबचा स्कोअर जवळजवळ दीडपट आहे. पण परवा दोघींनी एकच मोठी फाइल एक्सपोर्टला लावली, तर तिची आधी झाली! माझा टॅब मागून चटका बसेल इतका तापला होता. मला खराब पीस मिळालाय का?

उत्तर : बहुधा नाही. वेग नेमका कधी पडला ते तुम्ही लिहिलेलं नाही. दहा-पंधरा मिनिटांनी पडला असेल, तर टॅब धडधाकट आहे. पहिल्या मिनिटातच पडत असेल, तर मात्र दुरुस्तीला दाखवा.

माझी पहिली नोकरी ॲम्प्लिफायर दुरुस्तीच्या टेबलावर होती. तापमापक एकच, तोही साहेबांच्या कपाटात. म्हणून आम्ही वीज बंद करून पॉवर ट्रान्झिस्टरवर बोट टेकवायचो आणि मनात आकडे मोजायचो. पाचापर्यंत बोट टिकलं, तर ठीक. पहिल्याच आठवड्यात माझ्या बोटाला दोनालाच फोड आला. पण एक गोष्ट कायमची कळली. ॲम्प्लिफायर किती वॅट पेलेल हे ट्रान्झिस्टर एकटा ठरवत नाही, त्याच्या पाठीला लावलेलं हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून हवेत सोडणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा, तोही ठरवतो. तोच ट्रान्झिस्टर पातळ पत्र्यावर बसवला, की दोन गाण्यांत धापा टाकतो.

बहुतेक टॅबमध्ये पंखा नसतो आणि वेगळं हीटसिंकही नसतं. टॅबचं अंग हेच त्याचं हीटसिंक. आता ढोबळ हिशोब करू. 25 सेंटीमीटर बाय 18 सेंटीमीटरचा टॅब घ्या. दोन्ही बाजू मिळून 900 चौरस सेंटीमीटर. संथ हवेत एक चौरस मीटर पृष्ठभाग दर अंशाच्या फरकाला साधारण 10 वॅट उष्णता सोडतो. खोली 28 अंशांवर आणि टॅबचं अंग 43 अंशांवर असेल, तर फरक 15 अंशांचा. म्हणजे फार तर 13-14 वॅट बाहेर पडतील, तेही सगळं अंग सारखं तापलं तरच. तसं ते तापत नाही, चिपच्या आसपासच जास्त तापतं, त्यामुळे खरा आकडा खालीच राहतो. त्यातलाही एक वाटा स्क्रीन खाऊन टाकतो.

43 अंशच का? कारण त्याच्या आसपास धरून ठेवलेली वस्तू त्वचेला सोसवेनाशी होऊ लागते. चिपचं सिलिकॉन 90-100 अंशांपर्यंत तग धरतं, तुमचा तळहात धरत नाही. म्हणून टॅबमध्ये बऱ्याचदा चिपची मर्यादा यायच्या आधीच हाताची मर्यादा येते, आणि टॅब त्या मर्यादेला मान देऊन वेग उतरवतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात.

सुरुवातीची मिनिटं मग इतकी झकास का जातात? कारण तेव्हा उष्णता फारशी बाहेर पडत नसते, टॅबच्या अंगात साठत असते. अर्धा किलोचा टॅब एका अंशाने तापवायला साधारण 450 ज्यूल लागतात. 15 अंशांना 6,750. चिप 10 वॅट खात असेल, म्हणजे सेकंदाला 10 ज्यूल, तर अकरा मिनिटांत पेला काठोकाठ. त्यापुढे जेवढं बाहेर पडेल तेवढंच आत ओतता येतं. तुमच्या स्कोअरची मेख इथेच आहे. गीकबेंचसारखी चाचणी काही मिनिटांत उरकते, शिवाय तिच्या दोन तुकड्यांमध्ये चिप गार व्हावी म्हणून मुद्दाम विश्रांती ठेवलेली असते. एक तान किती चपळ आहे हे त्यातून कळतं. दमसास कळत नाही.

मैत्रिणीचा टॅब का जिंकला याचं उत्तरही त्याच पेल्यात आहे. अंग पुरतं तापल्यावर कमाल वेग कुणी विचारत नाही. एका वॅटमध्ये चिप किती काम उपसते आणि ती उष्णता अंगभर किती पसरते, एवढंच उरतं. स्नॅपड्रॅगन 8 जेन 1 आणि 8 प्लस जेन 1 या दोन चिपांचा आराखडा जवळजवळ तोच आहे. पहिली सॅमसंगच्या कारखान्यात बनली, दुसरी 2022 मध्ये तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या. कारखाना बदलल्यावर त्याच कामाला वीज कमी लागू लागली, 30 टक्क्यांपर्यंत कमी असं या चिपांचा आराखडा करणाऱ्या क्वालकॉमचंच म्हणणं होतं. थोड्या वेळाच्या चाचणीत दोघींत फार अंतर दिसत नाही, लांबच्या कामात दिसतं. जाता जाता विचारते, तुमच्या टॅबला जाड कव्हर होतं का? आणि एक्सपोर्ट चालू असताना तो गादीवर होता का? असेल, तर अर्धं हीटसिंक तुम्हीच झाकलं होतंत.

पुन्हा स्पर्धा लावायची असेल, तर अशी लावा. दोन्ही टॅब कव्हर काढून एकाच टेबलावर, चार्जर काढलेला, ब्राइटनेस सारखा. एकच फाइल पाठोपाठ पाच वेळा एक्सपोर्ट करा आणि प्रत्येक वेळ कागदावर टिपा. पहिली वेळ तुमच्या स्कोअरची, पाचवी तुमच्या रोजच्या कामाची. गेमसाठी हेच पाहायचं असेल, तर थ्रीडीमार्क या चाचणीच्या ॲपची वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट आहे. तीत एक-एक मिनिटाच्या वीस फेऱ्या होतात आणि शेवटी ‘स्टॅबिलिटी’चे टक्के मिळतात, म्हणजे सर्वांत वाईट फेरी सर्वांत चांगल्या फेरीच्या किती टक्के ते. त्या टक्क्यांवर मात्र भाळू नका. मुळात मंद असलेली चिप 99 टक्के सहज मिळवते, तिला दमायला काही कारणच नसतं. सर्वांत वाईट फेरीचा आकडा पाहा. समजा, एकाचे 3,000 गुण आणि 60 टक्के, दुसऱ्याचे 2,000 आणि 95 टक्के. तळाचे आकडे निघतात 1,800 आणि 1,900. तुमची नि मैत्रिणीची गोष्ट बहुतेक हीच.

प्रश्न : ताई, थ्रॉटलिंग बंद करणारं ॲप मिळतं का? एवढे पैसे मोजून घेतलेली चिप अर्ध्या वेगाने का चालवायची?

उत्तर : ॲपने ते बंद होत नाही. आणि ती अर्ध्या वेगाने चालत नाही, बहुधा अर्ध्या विजेवर चालते. चिपची वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग 20 टक्के उतरवला आणि व्होल्टेजही तेवढंच उतरवलं, तर 0.8 तीनदा गुणायचे. उत्तर 0.51. पाचवा हिस्सा वेग दिला आणि निम्मी उष्णता वाचवली! इतका चांगला सौदा मोडायला निघालेल्या ॲपला मी तरी माझ्या टॅबमध्ये शिरू देणार नाही. वेग खरोखरच निम्म्यावर येत असेल, तर खोलीचं तापमान पाहा. 35 अंशांच्या खोलीत 43 पर्यंत फक्त आठ अंश उरतात, म्हणजे वरच्या हिशोबातले 13-14 वॅट सातवर येतात. ॲपलही आयपॅड 35 अंशांपर्यंतच्याच हवेत वापरायला सांगते.

प्रश्न : तापलेला टॅब पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला तर?

उत्तर : नको. तिथून बाहेर काढल्यावर दमट हवा थंड झालेल्या भागांवर पाणी होऊन बसते, आणि ते आत कुठे बसलं हे तुम्हाला दिसणार नाही. टेबलफॅनसमोर उभा करा. वाहती हवा संथ हवेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता नेते. चार्जर काढा, कारण चार्जिंगची उष्णता त्याच अंगातून बाहेर पडायची असते. चार्जिंग थांबल्याचा संदेश आला, तर घाबरू नका. बॅटरी वाचवायला टॅब तसं करतो, गरम बॅटरी लवकर म्हातारी होते.

प्रश्न : नवा टॅब घेताना प्रोसेसरचं नाव पाहून घेतलं की पुरे ना?

उत्तर : नाव पाहा, पण नाव एक आणि अंग वेगळं असू शकतं. ॲपलच्या लॅपटॉपचं पाहा. 2020 मध्ये आलेली मॅकबुक एअर आणि 13 इंची मॅकबुक प्रो, दोन्हींत एम 1 चिप. एअरला पंखा नाही, प्रोला आहे. छोट्या कामात दोघी बरोबरीने धावतात, काम लांबलं की एअर मागे पडते. मायक्रोसॉफ्टच्या 2019 च्या सरफेस प्रो 7 टॅबमध्ये तर एकाच मॉडेलच्या इंटेल आय-5 प्रोसेसरच्या आवृत्तीला पंखा नाही आणि आय-7 च्या आवृत्तीला आहे. उलट उदाहरण 2024 च्या एम 4 आयपॅड प्रोचं. पंखा नाही, पण ॲपलने अंगात ग्रॅफाइटचे पातळ थर घातले आणि मागच्या लोगोत तांबं भरलं, उष्णता एका जागी साठू नये म्हणून. लोगोचा मला पटलेला हा पहिलाच उपयोग. खोक्यावरचे गिगाहर्ट्झ वाचण्यापेक्षा, वीस मिनिटांनंतरचे आकडे देणारं परीक्षण शोधा.

तुम्ही टॅबवर काय करणार ते लिहिलेलं नाही. नुसतं वाचणार आणि टिपणं काढणार असाल, तर वरचं सगळं सोडून द्या आणि उन्हात स्क्रीन नीट दिसतो का तेवढं पाहा.