आरोग्यसंवर्धनाच्या पदव्युत्तर शिक्षणात नेमके काय शिकतात?

ऐरोलीत राहून पोषणशास्त्राची पदवी घेतल्यानंतर आरोग्यसंवर्धनाचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे का, आणि त्यात व्याख्याने देण्यापलीकडे काय असते, असे आपण विचारले आहे. अवश्य घ्यावे. आरोग्यदायी पर्याय निवडणे लोकांना सोपे जाईल अशी धोरणे आणि असा परिसर घडवणे, हा या विषयाचा गाभा जागतिक आरोग्य संघटनेच्या आरोग्यसंवर्धन परिषदेत मांडलेल्या १९८६ च्या ओटावा जाहीरनाम्यातून आला आहे. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील एखाद्या कारखान्यात रक्तदाब तपासणीचे शिबिर भरवणे सोपे आहे. पण कामाच्या पाळ्या, कॅन्टीनमधील मीठ-तेल, विश्रांतीची जागा आणि व्यवस्थापनाची तयारी यांचा एकत्र विचार करून कार्यक्रम आखणे, आणि वर्षभराने त्याचा परिणाम मोजणे, हे शिकावे लागते. शाळांसाठी २०२० मध्ये सुरू झालेला आयुष्मान भारतचा शालेय आरोग्य कार्यक्रम अभ्यासावा. त्यात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची योजना आहे. वस्त्यांमधील काम मात्र आशा सेविकांबरोबर घरोघरी फिरल्याशिवाय समजत नाही, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे हा विषय बहुधा सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमातच शिकवला जातो, म्हणून देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था असो वा अन्य कोणती, प्रवेशापूर्वी क्षेत्रकार्याला किती वेळ दिला आहे, ते आधी पाहावे.