खुराक वाढवला आणि शेळीची लेंडी बिघडली

प्रश्न : दूध वाढावे म्हणून दोन दुभत्या शेळ्यांचा मक्याचा भरडा एकदम दुप्पट केला. आठवडाभर दूध वाढले. आता लेंड्या चिकटून शेणासारख्या पडतात. एक दिवस खातात, दुसऱ्या दिवशी गव्हाणीवरून तोंड फिरवतात. दुधाची फॅट उतरली. जंताचे औषध दिले, फरक नाही. रोज खाण्याचा सोडा द्यावा का?

उत्तर : सोड्याचे नंतर बघू, आधी ती लेंडी काडीने फोडून बघा. आत दाण्याचे कण, फेस किंवा शेंबडासारखा पडदा दिसला, तर खुराक पोटाला झेपत नाही असे समजा. तुम्ही सांगितलेली सगळी लक्षणे त्याच दिशेची आहेत. तरी एकदा दवाखान्यात लेंडी तपासून घ्याच, म्हणजे जंताची शंका उरणार नाही आणि पुन्हा पुन्हा औषध पाजावे लागणार नाही.

शेळीच्या कोटीपोटातले (चारा आंबवणाऱ्या मोठ्या पोटातले) जिवाणू चारा आंबवतात, त्यातून तिला ताकद मिळते. चाऱ्याचे तंतू सावकाश आंबतात. भरडा मात्र झपाट्याने आंबतो आणि आम्ल साचते. कोटीपोटाचा सामू (pH; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) साधारण 6 ते 7 असावा लागतो. तो रोज काही तास 5.8 च्या खाली राहू लागला की तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात. दुधाच्या फॅटचा कच्चा माल बराचसा त्यांच्याकडूनच येतो, म्हणून फॅट उतरते. सामू आणखी घसरला तर लॅक्टिक आम्ल तयार होऊ लागते. ते नेहमीच्या आम्लांपेक्षा कितीतरी तीव्र असते.

आतड्याकडे सहसा कोणी बघत नाही, आणि मला जास्त काळजी त्याचीच वाटते. कोटीपोटात आम्ल मारायला लाळ असते. तिथे न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात उतरून आंबला, तर आतड्याच्या मदतीला लाळ नसते. कोटीपोटाचे अस्तर अनेक थरांचे असते, आतड्याचे मात्र पेशींच्या एकाच थराचे, वर चिकट स्राव. आम्लाने हा थर दुखावला की मेलेल्या जिवाणूंचे विष रक्तात झिरपते. पुढे खुरांना सूज येते, यकृतावर ताण पडतो. लेंडीतला तो पडदा म्हणजे या झिजणाऱ्या अस्तराचीच खूण.

आता करायचे काय? भरडा आजच निम्म्यावर आणा आणि वाळलेली वैरण पोटभर द्या. कुट्टी फार बारीक नको, शेळीला चावावे लागले पाहिजे. जितके चावणे आणि रवंथ, तितकी लाळ, आणि लाळेत सोडा निसर्गतःच असतो. सकाळी आधी वैरण, मग खुराक. दिवसाचा खुराक तीन-चार वेळांत वाटा. एकूण शुष्क आहाराचा (चारा-दाण्यातला पाण्याचा अंश सोडून) किमान अर्धा भाग वैरण असलीच पाहिजे. दाणा पिठासारखा दळू नका, जाडसर भरडा. गव्हाचा भरडा मक्यापेक्षाही लवकर आंबतो, तो अधिक जपून द्या.

लेंडी पुन्हा सुटी पडू लागली की खुराक वाढवता येईल, पण दर तीन-चार दिवसांनी मूठभरच. जिवाणूंना नव्या आहाराची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, कोटीपोटाच्या अस्तराला त्याहून जास्त.

रोज डाव्या भकाळीत (बरगड्यांमागच्या खोलगट भागात) मूठ दाबून मिनिटभर थांबा. कोटीपोटाची एक-दोन आकुंचने हाताला जाणवली पाहिजेत. आराम करणाऱ्या शेळ्यांपैकी बऱ्याचशा रवंथ करताना दिसत नसतील, तर वैरण कमी पडते आहे.

सोडा खुराकात शेकडा एक भाग मिसळायला हरकत नाही. पण वैरण कमीच ठेवून वर सोडा चारलात, तर दुखणे आत चालूच राहील.

शेळीने पोते फोडून पोटभर धान्य खाल्ले तर लक्षणांची वाट पाहू नका. दाणा-भरडा पूर्ण बंद करा आणि लगेच पशुवैद्यकांना बोलवा. पोट तट्ट फुगणे, दात खाणे, झोकांड्या, पाणचट हगवण ही गंभीर लक्षणे आहेत. आडव्या पडलेल्या शेळीला बाटलीने काही पाजू नका, औषध फुप्फुसात जाते. जास्त खुराकावर आंत्रविषाराचे (आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाचे) जिवाणूही फोफावतात आणि चांगली शेळी काही तासांत दगावते. त्याची लस दिलेली नसेल, तर खुराक वाढवण्याआधी टोचून घ्या. पहिल्यांदा देत असाल तर तीन-चार आठवड्यांनी दुसरी मात्रा चुकवू नका.