हळू पळ

पोरी,

रविवारी कंबर तलावाच्या कट्ट्यावर एका बुटाची नाडी सोडून बसलीस आणि म्हणालीस, "काका, आता मनच होईना झालंय." मी गप्प राहिलो, कारण माझं लक्ष तुझ्या घड्याळाकडे होतं. किलोमीटरला 5 मिनिटं 40 सेकंद. सलग चौथ्या दिवशी!

मन गेलेलं नाही तुझं. अंग थकलंय. हळू पळ.

मॅरेथॉनचे 42.195 किलोमीटर 4 तासांत करायचे, म्हणून रोज शर्यतीच्याच वेगाने पळतेस. रोज परीक्षा द्यायची म्हटली तर कुणाला अभ्यास गोड लागेल? दम काही आठवड्यांत वाढतो. हाडं आणि स्नायूंची बांधणी पक्की व्हायला महिने लागतात. त्यात हा ऑक्टोबरचा उकाडा. कातडी गार ठेवायलाच रक्त खर्ची पडतं आणि त्याच वेगाला काळीज जास्त धडधडतं. हे तुला कितींदा सांगितलं?

मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. होटगी रोडला रोज कुणाला तरी मागे टाकल्याशिवाय मला चैन पडायची नाही. नडगी दुखायला लागली तर मलम चोळून पळालो. शेवटी हाडाला केसाएवढी चीर निघाली. मुंबईची मॅरेथॉन आठ दिवसांवर होती. सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट रद्द केलं आणि पाय उशीवर ठेवून घरात पडून राहिलो. बाहेर सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरला होता, पाळण्यांचा आवाज खोलीपर्यंत यायचा. तो जानेवारी माझ्या मनातून अजून जात नाही.

बरा झाल्यावर यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांकडे नीट बघायला लागलो. ते आधी कितीतरी दिवस सराव करतात. 68 लिंगांची फेरी असते, एवढा उंच ध्वज कमरेशी पेलायचा असतो. एकही पाऊल घाईचं नसतं.

लोक मला म्हणतात, काका, तुम्ही चालता की पळता? म्हणू देत. त्यानंतर एकही मॅरेथॉन मी अर्धवट सोडलेली नाही, आणि पेडर रोडच्या चढावर मला हसणारे किती जण कंबरेवर हात ठेवून उभे असतात ते मी बघितलंय. सुरुवातीलाच जोरात सुटलं की अंगातली साखर तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपते. हळू पळणाऱ्याचं अंग चरबी जाळायला शिकतं. मी बरोबरच केलं.

आठवड्यातून एक दिवस वेगाचा ठेव, मी नाही म्हणत नाही. बाकीचे दिवस हळू. बोलता येईल इतकं हळू.

बुधवारी पहाटे पाचला तिथेच ये, घड्याळ घरी ठेवून. तुझी आज्जी विड्या वळता वळता पोरांना पाढे कशी शिकवायची, ते सांगायला लागली होतीस आणि तिसऱ्या किलोमीटरला धाप लागून थांबलीस. पाढा तेराचा होता. तिथून पुढे सांग.

तुझा काका