पोरगा म्हणतो देव नाही, आता काय करू?

साक्री, नवापूर, नंदुरबार आणि इकडे धुळ्यात पण, आपल्या ख्रिस्ती घरांमधून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी एक काळजी हल्ली फार कॉमन झालीय. पोरगं शिकायला पुण्या-नाशिकला जातं, वर्ष-दोन वर्षांनी सुट्टीत येऊन सांगतं की माझा देवावर विश्वास राहिला नाही, आणि घरात सुतक पडल्यासारखं होतं. आई-बाप विचारतात, आमचं काय चुकलं, पोरगं हातचं गेलं का. त्यातलीच एक केस घरच्यांना विचारून सांगतेय, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

कुटुंब साक्री तालुक्यातलं, कांद्याची शेती, आजोबांपासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, उपासनेत गिटार वाजवून गाणी लीड करणारा. आई घेऊन आली तेव्हा तिच्या हातात रिपोर्टची फाईल, थायरॉइड नॉर्मल, बी-ट्वेल्व्ह नॉर्मल. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "ताई, मना पोऱ्या देवले मानत नही आते, त्याले झोप बी येत नही." दोन्ही एका दमात, जणू एकच आजार.

मी आधी मुलाशी एकट्याशी बोलले. झोप, जेवण, अभ्यास, आणि जगू नये असं कधी मनात येतं का, हे मी सरळ विचारते. (तुमच्या घरात कोणी तसं बोलत असेल तर प्रार्थना जरूर करा पण डॉक्टरकडे नेणं पुढे ढकलू नका, १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्रीपण चालू असतो.) त्याला तसलं काही नव्हतं. मग झोप का नाही, तर म्हणे रविवारी माईकसमोर उभा राहून गातो, समोर लोक डोळे मिटून रडतात, आणि मला माहितीय की मी जे गातोय ते मला खरं वाटत नाही, शनिवारी रात्रीच पोटात गोळा येतो. एका प्रार्थना मीटिंगमध्ये तर कोणीतरी त्याच्या डोक्यावर हात ठेवून "संशयाच्या आत्म्या, निघ" म्हणून ओरडलं होतं. आई रडत होती म्हणून हा गप उभा राहिला. सांगताना बोटांच्या टोकांवरचे गिटारचे घट्टे अंगठ्याने घासत होता, मग म्हणाला, "मॅडम, मला भूत लागलेलं नाहीये, मला प्रश्न पडलेत."

आमच्या कामात एक सवय असते, पोरगा देव नाही म्हणाला की लगेच शोधायचं की बापाशी पटत नाही का, ब्रेकअप झालं का. कधी तसं असतंही. पण दरवेळी तसंच धरून चाललं तर तो त्या माणसाच्या बुद्धीचा अपमान आहे, असं माझं ठाम मत आहे. ह्याचे प्रश्न खरेच प्रश्न होते, त्रास होता तो कोणी उत्तर देत नव्हतं आणि वरून नाटक करावं लागत होतं याचा. म्हणून फाईलमधलाच एक रिपोर्ट उलटा केला, पेन दिलं, म्हटलं लिही.

पहिलाच प्रश्न, बिग बँग झाला तर देव कशाला? मी म्हटलं, विश्व पसरतंय हे १९२७ मध्ये मांडणारा आणि १९३१ मध्ये सगळं एका आदिम अणूपासून सुरू झालं म्हणणारा जॉर्ज लेमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू होता. आणि १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी ह्या थिअरीचा संबंध देवाच्या निर्मितीशी जोडला तेव्हा ते लेमेत्रला आवडलं नाही, विज्ञानाला विज्ञानाच्या जागी राहू द्या असं त्याचं म्हणणं. पोराने मान वर केली. त्याला वाटलं होतं मी बिग बँगच खोटा ठरवेन.

दुसरा, देवाने सगळं बनवलं तर देवाला कोणी बनवलं? आता हा प्रश्न लोक हसण्यावारी नेतात पण त्याला नीट उत्तर आहे. प्रत्येक गोष्टीला कोणीतरी बनवलंच पाहिजे असा आपला दावा नाहीच. दावा असा की जे असलं काय नि नसलं काय चाललं असतं, त्याचं असणं उसनं आहे. गावात प्रत्येक जण म्हणाला की हे पैसे मी शेजाऱ्याकडून उसने आणलेत, तर कुठेतरी एक माणूस असा लागतोच ज्याच्याकडे स्वतःचे आहेत, नाहीतर उसनवारी सुरूच होणार नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस हा ख्रिस्ती विचारवंत याच वळणाने गेला. त्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे देव आहे का, या प्रश्नावर लिहिताना त्याने सुरुवातीलाच विरोधातले दोन आक्षेप स्वतः मांडलेत, जगात एवढं वाईट आहे मग देव कसा, आणि निसर्गाने सगळं समजतं मग देव कशाला. मोबाइलवर ह्याला जे डिबेटचे शॉर्ट्स येत होते त्यातले दोन मोठे मुद्दे हेच. आणि चर्चने त्या माणसाला बाहेर काढलं नाही, १३२३ मध्ये संत केलं.

"पण ह्यातून येशू कुठे सिद्ध होतो?" तो म्हणाला. नाहीच होत, मी सरळ सांगितलं. तिथे रस्ता वेगळा, तिथे साक्ष तपासावी लागते. बायबलमधलं, प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र येशूच्या वधस्तंभानंतर साधारण वीस-पंचवीस वर्षांतलं, त्याच्या पंधराव्या अध्यायात तो पुनरुत्थित येशूला बघणाऱ्यांची नावं घेतो, पाचशेहून जास्त बांधवांना दिसला म्हणतो आणि त्यातले बरेच अजून जिवंत आहेत असंही लिहितो. पटव किंवा खोडून काढ, पण वाचून.

दुःखाचा प्रश्न मात्र आम्ही उघडाच ठेवला. मी विश्वासणारी आहे, तरी लहान लेकरू का मरतं याचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच म्हणू शकते की ज्याला मी देव मानते तो स्वतः "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" असं ओरडून मेला.

आईला बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला तो बाप दाखवला, आजारी मुलाला घेऊन आलेला, जो म्हणतो माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. येशूने त्याला परत नाही पाठवलं, मुलाला बरं केलं. त्या माऊलीने ती ओळ बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचली. मग तीन गोष्टी ठरल्या, जेवताना विश्वासाची चौकशी बंद, माईक काही दिवस दुसऱ्या कोणाकडे, आणि पाळकांना, म्हणजे चर्चच्या पास्टरना, आईने नाही तर मुलाने स्वतः सांगायचं. पाळक भले माणूस, ऐकून घेतलं, म्हणाले यातलं बरंच मला पण माहीत नाही, वाचून सांगतो. मुलगा बाहेर येऊन मला फोनवर म्हणाला, एवढं तरी कोणी बोललं.

झोप लागायला लागलीय. विश्वास परत आला का, तर नाही, तो म्हणतो अजून माहीत नाही, आणि मी त्याला घाई करत नाही. मध्ये आईचा फोन होता, "ताई, हे बाप-लेक रात्री बारा-बारा वाजेपर्यंत देव आहे का नाही यावर वाद घालता, आणि बाप आता त्यालाच विचारतो मग पुढे काय, थांबवू का?" मी म्हटलं, अजिबात थांबवू नका, चहा करून द्या.