आजी म्हणते शिक्का मारलाच नव्हता, खरं का?

प्रश्न : आमची आजी पंचाण्णवीच्या पुढची, देवगडची. म्हणते, पहिल्या मतदानाला तरीतून खाडी ओलांडून शाळेत गेलो, कोरा कागद दिला, तो बैलजोडीच्या पेटीत टाकला, शिक्का वगैरे काही नाही. तिचा गोंधळ होतोय का?

उत्तर : अजिबात नाही हो, आजींचं बरोबर आहे! १९५१-५२च्या त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, वर चिन्ह चिकटवलेलं, कारण बहुतेकांना वाचता येत नव्हतं, मग बैलजोडी नाहीतर झाड बघायचं आणि कागद त्या पेटीत सोडायचा, झालं मतदान. लोकसभा, विधानसभा एकदमच. मतदार १७ कोटींच्या वर, वयाची अट २१, मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन.

पण माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागतं ते मतदार यादीचं. अनेक बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच, आणि अशी जवळपास २८ लाख नावं सेनांनी यादीतून काढायला लावली, जास्त करून उत्तरेकडची. तुमच्या आजींनी नाव सांगितलं म्हणून त्यांना मत देता आलं. नाव लिहून घ्यायला कोण आलं होतं, घरातले काय म्हणाले, हे आजच विचारा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.